ओळखदेख आणि घरभाडें

घरमालक होण्यास पैसा लागतो, हें सांगण्यास इतिहास उघडण्याची गरज नाहीं. परंतु मुंबई बेटांतील भाड्याच्या घरांचा वृत्तांत आम्ही जसजसा वाचूं लागलों, तसतशी एक गोष्ट वारंवार नजरेस येऊं लागली. ती ही कीं, येथील कित्येक घरमालकांजवळ आरंभीं पैसा बेताचाच होता. पण ओळखी पुष्कळ होत्या. जमीन कोठें विकावयाची आहे हें त्यांना ओळखीनें कळे, तिच्यासाठीं लागणारें कर्ज ओळखीनें मिळे, बांधलेल्या खोल्या ओळखीनें भरत, आणि भाडें थकलें तर तेंहि ओळखीच्याच मार्फत वसूल होई. एका चाळीच्या पांच चाळी कशा झाल्या, या प्रश्नाचें उत्तर शोधावयाचें तर हिशेबाच्या वह्यांबरोबर सोयरिकींच्या याद्याहि चाळाव्या लागतात.

आमचे आजोबा कोंकणांतून मुंबईस आले ते खिशांत एक चिठ्ठी घेऊन. चिठ्ठी गांवच्या उपाध्यायांची, गिरगांवांतील एका चाळीच्या मेहत्यास लिहिलेली. मुलगा कोणाचा, कोणत्या कुळांतला, आणि भाडें बुडविणाऱ्यांतला नव्हे, एवढाच तींतील मजकूर. त्या चिठ्ठीवर त्यांना दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशी एक खोली मिळाली व ती आमच्या घराकडे तीन पिढ्या राहिली. त्याच सकाळीं आलेल्या दुसऱ्या एका माणसास मेहत्यानें ‘जागा नाहीं’ म्हणून परत पाठविलें, हें आजोबा पुष्कळदां सांगत, आणि सांगतांना त्यांच्या आवाजांत थोडा अभिमान असे. आम्हांस मात्र अलीकडे त्या परत गेलेल्या माणसाचीच आठवण अधिक येते. त्याचें नांव आजोबांसहि ठाऊक नव्हतें.

मुंबईच्या भाड्याची कथा पोर्तुगीज अमलापासून सुरू होते. गार्सिया द ओर्ता नांवाचा एक वैद्य १५३४ सालीं मार्तिम अफोन्सु द सौझ या सरदाराबरोबर गोव्यास आला. हा सरदार पुढें गोव्याचा गव्हर्नर झाला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारींहि या वैद्याचें जाणें-येणें होतें. अशा थोरामोठ्यांत वावरणाऱ्या माणसास पोर्तुगालच्या राजानें मुंबईचें बेटच्या बेट वार्षिक खंडावर दिलें. पण वैद्यबुवा गोव्यांत रमलेले. त्यांनीं बेट दुसऱ्याकडे सोंपवून दिलें. १५६३ सालीं गोव्यांत छापल्या गेलेल्या आपल्या औषधिविषयक संवादग्रंथांत त्यांनीं या आपल्या कुळाचें, सिमांव तोस्कानो याचें, नांव सांगून ठेविलें आहे. हा तोस्कानो धन्यासाठीं मुंबईचे आंबे घेऊन गोव्यास येतो, आणि आपल्या बेटावरील एक झाड वर्षांतून दोनदां फळतें, असें वैद्यबुवा कौतुकानें सांगतात. मालक, त्याचा पोटमालक, आणि सणासुदीस मालकाकडे जाणारी करंडी, असा सगळा थाट मुंबईंत गिरणीचा भोंगा वाजण्यापूर्वीं तीनशें वर्षें सिद्ध होता. वैद्यबुवांचा वंश मूळचा यहुदी. जिवंतपणीं त्यांच्या ओळखींनीं त्यांना सांभाळिलें. मृत्यूनंतर १५८० सालीं धर्मसभेनें त्यांच्या अस्थि उकरून जाळिल्या. ओळखीची सावली तेथवर पोंचली नाहीं.

पुढें बेट इंग्लंडच्या राजाकडे आंदण म्हणून गेलें, आणि १६६८ सालीं त्यानें तें ईस्ट इंडिया कंपनीस दिलें, तेंहि भाड्यानेंच! वार्षिक भाडें दहा पौंड, सोन्याच्या नाण्यांत. कंपनीसारखा भाग्यवान् भाडेकरू आमच्या ऐकिवांत दुसरा नाहीं. गव्हर्नर जेराल्ड आँगियर यानें १६७२ सालीं जुन्या जमीनदारांशीं करार केला, त्यांच्याकडून दरसाल वीस हजार शेराफिन घेण्याचें ठरविलें, आणि त्यांच्या जमिनी त्यांच्याकडे ठेविल्या. या जुन्या व्यवस्थांतूनच ‘फजिंदारी’ नांवाची एक चमत्कारिक वहिवाट मुंबईंत दृढ झाली. जमिनीचा धनी एक; त्याला वर्षाकांठीं थोडेंसें भुईभाडें देऊन तीवर घर बांधणारा दुसरा; आणि त्या घरांतील खोल्यांचें भाडें देणारा तिसरा. या तीन मजल्यांच्या मधल्या मजल्यावर जो बसला तोच पुढें चाळीचा मालक. जमीन विकत घेण्याचें ओझें त्याच्यावर नसल्यामुळें थोड्या भांडवलांत त्याला घर उभारतां येई. मात्र फजिंदाराचें मन राखावें लागे. आणि मन राखणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको.

कोटाच्या आंत इ. स. १८०३ च्या फेब्रुवारींत मोठी आग लागली. तीनंतर कोटाबाहेरच्या वस्तीस जोर आला. नारळीच्या वाड्या मोडून तेथें घरें उठूं लागलीं. त्या काळांत ज्यांच्या हातीं स्थावर मालमत्ता एकवटली, त्यांत नाना शंकरशेट हें नांव मराठी वाचकांस सर्वांत परिचयाचें. गिरगांव आणि ताडदेव या भागांत त्यांची मोठी मिळकत होती. पण त्यांच्या पेढीविषयींची जी गोष्ट प्रसिद्ध आहे ती आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. अरब, अफगाण आदिकरून परदेशी व्यापारी आपला पैसा पेढ्या-बँकांत ठेवण्यापेक्षां नानांच्या घरीं ठेवणें पसंत करीत. कागदोपत्रीं तारण नाहीं, साक्ष नाहीं. तरी माणसाच्या शब्दावर हंडे येऊन पडत. असा विश्वास ज्याच्या उंबऱ्याशीं आला, त्याला जमीन घेण्यास भांडवलाची वाण कधीं पडावी?

विश्वासाची ही गंगा पुढें भलतीकडेहि वाहिली. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें आणि मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. शहरांत पैसा मावेना, तेव्हां समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा पांच हजारांचा भाग कित्येक पटींनीं चढला. एकानें घेतला म्हणून दुसऱ्यानें, मेहुण्यानें घेतला म्हणून साडूनें, असे भाग खपले. १८६५ च्या वसंत ऋतूंत युद्ध संपलें, आणि १ जुलै १८६५ रोजीं वायद्याचा दिवस आला तेव्हां देणारा कोणी उरला नाहीं. १८६४ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ होती. ती १८७२ च्या गणतींत ६,४४,४०५ भरली. जेथें इतकीं माणसें उठून गेलीं तेथें रिकाम्या खोल्यांच्या मालकांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. ओळखीनें भांडवल जमतें तसें ओळखीनें तें एकदमच बुडतेंहि. कारण सर्वांचे कान एकाच तोंडाशीं लागलेले असतात.

त्यानंतर आला तो खरा चाळींचा काळ. कावसजी दावर यांची पहिली सुताची गिरणी १८५६ सालीं ताडदेवास चालू झाली होती. १८७० नंतर गिरण्यांची रांगच लागली. रत्नागिरी, सातारा, देश, घाट, सगळीकडून माणसें आलीं. त्यांस राहावयास जागा द्यावयाची गिरणीवाल्यांस फारशी घाई नव्हती. तें काम किराणा दुकानदार, धान्याचे व्यापारी, सावकार, मक्तेदार आणि कांहीं मुकादम यांनीं अंगावर घेतलें. हीं लहान लहान माणसें वाढलीं कशीं, हें पाहण्याजोगें आहे. एक कल्पित हिशेब मांडून पाहूं.

समजा, एका दुकानदारानें वीस हजार रुपये खर्चून चाळीस खोल्यांची चाळ बांधली. दहा हजार त्याचे, दहा हजार जातभाईकडून सहा टक्क्यांनीं गहाणावर घेतलेले. खोलीचें भाडें महिना चार रुपये. सर्व खोल्या भरलेल्या असल्या तर वर्षाचें उत्पन्न १,९२० रुपये. त्यांतून व्याजाचे ६००, पट्टी व डागडुजीचे ४००, आणि वसुली करणाऱ्या मेहत्याचे महिना दहाप्रमाणें १२० वजा जातां ८०० रुपये राहतात. म्हणजे स्वतःच्या दहा हजारांवर आठ टक्के पडले. विसाव्या शतकाच्या आरंभीं सरकारी कर्जरोख्यांवर साडेतीन टक्के मिळत. तेव्हां हा लाभ वाईट नव्हे. चारपांच वर्षें असा नफा सांठवावा, ही चाळ गहाण टाकून दुसरीस हात घालावा, दुसरी भरली कीं तिसरी. वाढीची किल्ली ती हीच.

पण या हिशेबाचा सगळा डोलारा ‘सर्व खोल्या भरलेल्या असल्या तर’ या पांच शब्दांवर उभा आहे. चाळीसांपैकीं दहा खोल्या वर्षभर रिकाम्या राहिल्या कीं ४८० रुपये गेले; हातांत ३२० उरले; म्हणजे सव्वातीन टक्केहि नाहींत. कर्ज न काढतां ज्यानें सगळे वीस हजार पदरचे घातले असतील, त्याला त्याच वाईट वर्षीं ९२० मिळतात आणि तो साडेचार टक्क्यांवर सुखानें निजतो. याकरितां वाढूं पाहणाऱ्या मालकाचें सारें चित्त खोल्या भरण्याकडे लागलेलें असे, आणि येथें ओळखीचें राज्य सुरू होई.

गिरणींतला मुकादम नवीन माणसें भरती करी. त्या माणसांस खोली लागे. ती कोणत्या चाळींत घ्यावी हेंहि मुकादमच सांगे. मालक व मुकादम यांचें सख्य असलें कीं चाळ रिकामी राहत नसे. खालच्या मजल्यावर वाण्याचें दुकान, तेंहि पुष्कळदां मालकाच्याच माणसाचें; तेथें महिनाभर उधारी चाले आणि पगाराच्या दिवशीं भाडें व उधारी यांची वसुली हातांत हात घालून होई. कित्येक मालक सबंध चाळच एका मक्तेदारास ठरीव रकमेवर देऊन मोकळे होत. मक्तेदार खोल्या लावी, आणि मालकास भाडेकरूंचीं तोंडें पाहण्याचें कारण पडत नसे. वसुली करणारा गडी बहुधा चाळींतच एक खोली फुकट घेऊन राही. कोणाला नोकरी लागली, कोणाची सुटली, कोण गांवीं जाण्याची तयारी करीत आहे, हें सर्व त्याला न विचारतां कळे. कोर्टाची पायरी चढण्यापेक्षां हा बंदोबस्त स्वस्त आणि चोख होता.

भाडेकरूंनींहि हीच विद्या उलट बाजूनें वापरली, हें सांगितलें पाहिजे. कोंकणांतील गांवकरी एक खोली गांवाच्या नांवानें घेत, दिवसपाळीचे रात्रीं निजत व रातपाळीचे दिवसा. गोव्यांतील ख्रिस्ती खलाशी, आचारी, वाजंत्रीवाले यांचीं ‘कुडां’ धोबीतलाव, माझगांव या भागांत प्रसिद्ध होतीं. गांवचा माणूस असला कीं त्याला तेथें पेटी टेंकावयास जागा मिळे, मग बोटीवर काम मिळावयास कितीहि दिवस लागोत. भिंतीजवळ एक वेदी, तिच्यावर गांवच्या संताची तसबीर, आणि खालीं ओळीनें लावलेल्या पेट्या. मालकापाशीं भाड्याची हमी कोणा एकाची नसून सगळ्या गांवाची असे.

मालकांच्या ओळखी चाळीच्या दारापाशीं थांबत नसत. मुंबईची म्युनिसिपालिटी १८७२ च्या कायद्यानें चौसष्ट सभासदांची झाली. त्यांतील निम्मे करदात्यांनीं निवडावयाचे होते. मत कर भरणाराला, आणि कर भरणारा म्हणजे पुष्कळ अंशीं घरवाला. तेव्हां घरपट्टी किती असावी, गटारें कोणाच्या खर्चानें व्हावींत, मोडकळीस आलेलें घर पाडण्याचा हुकूम केव्हां काढावा, हें ठरविणाऱ्या सभेंत घरमालकांचा आवाज मोठा असल्यास नवल नाहीं. महिना दहा रुपये भाडें देणारास मताचा अधिकार १९२२ सालीं मिळाला. चार-पांच रुपये भाड्याच्या खोलींत राहणारा गिरणीकामगार तेव्हांहि बाहेरच राहिला. फिरोजशहा मेहतांसारख्यांनीं या संस्थेंत जें लोककार्य केलें तें आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु ज्या घरांत नळ नाहीं त्या घरांतील माणसास मत नव्हतें, ही गोष्ट त्या वैभवाच्या पोटांत आहे.

याचें फळ १८९६ च्या सप्टेंबरांत दिसलें. मांडवी भागांत गांठीच्या तापाचे रोगी डॉ. अकासियु व्हिएगस यांनीं ओळखिले आणि प्लेगचें नांव शहरभर झालें. पुढच्या कांहीं महिन्यांत सुमारें अर्धें शहर पळालें. अंधाऱ्या, कोंदट चाळींकडे सरकारचें लक्ष गेलें आणि १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट जन्मास आला. ट्रस्टनें दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँढर्स्ट रोड हे त्यांतलेच. येथें एक विपरीत प्रकार घडला. पाडलेल्या घराचा मोबदला त्याच्या उत्पन्नावरून ठरे. म्हणून ज्यानें एका खोलींत तीन कुटुंबें कोंबलीं त्याचें घर अधिक मोलाचें ठरलें, आणि ज्यानें अंगण मोकळें राखलें तो नुकसानींत आला. घाण नाहींशी करण्यासाठीं निघालेल्या संस्थेस घाणीचीच किंमत चुकती करावी लागली. पाडलेल्या घरांतील माणसें शेजारच्या गल्लींतील चाळींत शिरलीं, त्या चाळींचें भाडें वाढलें, आणि त्यांच्या मालकांनीं ट्रस्टला मनांतल्या मनांत आशीर्वाद दिला असावा.

मात्र ट्रस्टनें एक मोठें काम केलें, तें दादर-माटुंग्याच्या शेतांवर. तेथें आंखीव रस्ते व भूखंड पाडून ते लांब मुदतीच्या पट्ट्यानें देण्यांत आले. मंचेरजी एदुलजी जोशी या पारशी गृहस्थांनीं ट्रस्टचें मन वळवून १०३ भूखंड आपल्या समाजासाठीं राखून घेतले. तीच आजची दादरची पारशी कॉलनी. शेजारीं हिंदु कॉलनी उठली. आतां घर बांधणारांत वकील, डॉक्टर, सरकारी नोकर दिसूं लागले. खालच्या मजल्यावर स्वतः राहावें, वरचे दोन ‘ब्लॉक’ भाड्यानें द्यावेत, त्या भाड्यांतून कर्ज फेडावें, आणि म्हातारपणाची सोय व्हावी, हा सुशिक्षित कुटुंबाचा नवा मनोरथ. वर्तमानपत्रांत जाहिरात देण्याची गरज क्वचित् पडे. कचेरींतील स्नेह्याचा जांवई, मुलाच्या शाळेंतील मास्तर, असे भाडेकरू चालत येत.

याच काळांत गांवदेवीवर एक निराळा प्रयोग झाला, आणि आमच्या मतें या सर्व इतिहासांत तो सर्वांत बुद्धिमान् होय. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकारानें सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ सालीं स्थापन झाली. या प्रकारची ती आशिया खंडांतील पहिली मानतात. भाडेकरूंनींच भाग घेऊन मंडळी उभी करावी, मंडळीनें घरें बांधावींत, आणि सभासदांनीं आपल्याच मंडळीस भाडें द्यावें, अशी तिची योजना. मालकाजवळ ज्या वस्तू होत्या, म्हणजे जातीचा विश्वास, एकमेकांची जामीनकी, ठेवी ठेवणारे नातलग, त्या सर्व येथेंहि होत्या. फक्त नफा खाणारा मधला माणूस नव्हता. पण या योजनेच्या दारावरहि ज्ञातीचें नांव होतें, हें विसरतां येत नाहीं.

ज्याला असें कोणतेंच दार नव्हतें त्याचें काय? १९१७ सालीं डॉ. भीमराव आंबेडकर परदेशची विद्या घेऊन बडोद्यास संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. राहावयास जागा कोणी देईना, तेव्हां एका पारशी वसतिगृहांत पारशी नांव लावून ते राहिले. अकराव्या दिवशीं कांहीं पारशी मंडळी काठ्या घेऊन जिना चढून आली आणि त्यांना बाहेर पडावें लागलें. शहरांत त्यांचे दोन स्नेही होते, एक हिंदु व एक ख्रिस्ती. हिंदु स्नेह्यानें सांगितलें कीं, तुम्ही आलां तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती स्नेही म्हणाला, बायकोस विचारावें लागेल. कमाठी बागेंत बसून त्यांनीं तो दिवस काढिला आणि रात्रीच्या गाडीनें मुंबई गांठली. ही हकीकत त्यांनीं स्वतः लिहून ठेविली आहे. आम्हांस तींतील काठ्यांपेक्षां ते दोन स्नेही अधिक बोचतात. ओळख होती, शिक्षण होतें, भाडें देण्यास पगार होता. मुंबईंत परळच्या ट्रस्टच्या चाळींत त्यांनीं पुष्कळ वर्षें काढिलीं; पुढें हिंदु कॉलनींत त्यांनीं ‘राजगृह’ बांधिलें तें स्वतःसाठीं आणि आपल्या ग्रंथांसाठीं.

पहिल्या महायुद्धांत घरांचा तुटवडा पडला आणि भाडीं भडकलीं. १९१८ सालीं सरकारनें भाडेनियंत्रणाचा कायदा केला. १ जानेवारी १९१६ रोजीं जें भाडें होतें तें पायाभूत धरण्यांत आलें. दोन वर्षांनीं गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांनीं डेव्हलपमेंट खातें काढून पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला, आणि खर्चासाठीं कापसाच्या गांठीस एक रुपया जकात बसविली. वरळी, नायगांव, डिलाईल रोड, शिवडी येथें सिमेंटच्या दोनशेंहून अधिक चाळी उठल्या. खोल्या सोळा हजारांच्या आसपास झाल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ वर्षानुवर्षें ओस राहिल्या. भाडें जास्त, बाजार लांब, भिंती कोंदट, अशीं कारणें सांगितलीं गेलीं व तीं खरीं आहेत. आम्ही त्यांत आणखी एक घालूं. त्या चाळींच्या खालीं उधारी देणारा ओळखीचा वाणी नव्हता, आणि शेजारच्या खोलींत गांवचा माणूस नव्हता. नुसत्या चार भिंतींना गिरणीकामगार घर समजत नसे. वस्ती हळूहळू जमली तेव्हां त्याच चाळी गजबजल्या, हें पुढें सर्वांनीं पाहिलें.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नियंत्रण पुन्हां आलें, आणि १९४७ च्या कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजींचें भाडें प्रमाण ठरविलें. वर्षें गेलीं, दर वाढले, पगार वाढले; भाडें तेथेंच राहिलें. ज्या किल्लीनें एका चाळीच्या पांच होत ती किल्ली गंजून गेली. नवी भाड्याची चाळ बांधणें म्हणजे पैसा पुरून ठेवण्यासारखें झालें, आणि बांधणारे खोल्या विकूं लागले. जुन्या चाळींत ‘पागडी’ चालू लागली. खोली बदलतांना हातांत मोठी रक्कम, पावती मात्र जुन्याच भाड्याची. मालकानें अशी रक्कम घेणें १९४७ च्या कायद्यानें गुन्हा होता. म्हणून तो व्यवहार फक्त ओळखींत होई, आणि अनोळखी माणसासाठीं मुंबईचें दार आणखी जाड झालें. भाडेकरूचें रक्षण करणाऱ्या कायद्यानें आंत असलेल्याचें रक्षण केलें. बाहेर उभा असलेला बाहेरच राहिला. आमच्या आजोबांच्या घराण्याचा त्यांत लाभ झाला, म्हणून हें लिहितांना आमची लेखणी थोडी अडखळते. पागडीस कायद्याची मान्यता १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानें मिळाली. तो ३१ मार्च २००० पासून अमलांत आला.

मधल्या काळांत घरें जीर्ण झालीं. मालकास दुरुस्ती परवडेना, भाडेकरूस निघवेना. घरें कोसळूं लागलीं तेव्हां १९६९ सालीं दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि जुन्या इमारतींवर उपकर बसला. अशा इमारती तेव्हां एकोणीस हजारांहून अधिक होत्या. गिरगांवांत फिरतांना जे लांकडी टेंकू दिसत ते त्या मंडळाचे.

आमच्या चाळीसहि असे चार टेंकू होते. खोलीचें भाडें सात रुपये, वर उपकर. मेहत्याची जागा मालकानें फार पूर्वींच रद्द केली होती, कारण त्याचा पगार वसुलीहून जड झाला होता. शेवटचीं कांहीं वर्षें मालकाचा नातू स्वतःच महिन्याच्या दहा तारखेस जिना चढून येई, पावती फाडी, चहा घेई. चाळ पाडावयास गेली त्याच्या आदल्या वर्षीं तो पावती देऊन उठला, दारापर्यंत गेला आणि परत वळला. उपनगरांत कोठें एखादी खोली भाड्यानें मिळण्याजोगी आहे काय, तुमच्या ओळखींत कोणी असेल तर पाहा, असें म्हणाला. त्याच्या मुलाचें लग्न ठरलें होतें.